श्यू बेइहोंग वर्गात शिकवायचे आहेत: सुरुवात घोड्यांपासून करू की दुसरीकडून?

रेघोटी

नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आधुनिक चिनी चित्रकलेवर दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. दहा नावं भराभर उरकण्यापेक्षा एकच माणूस नीट घ्यावा असं ठरवलं आणि श्यू बेइहोंग (१८९५-१९५३) निवडले, कारण ते चित्रकार होते तितकेच कलाशिक्षक होते.

वाचायला मिळतं ते मात्र दोन टोकांचं आहे. एकीकडे "घोडे काढणारे चित्रकार" एवढीच ओळख, दुसरीकडे नुसत्या सनावळ्या. आयुष्यातले कोणते टप्पे सांगितले तर चित्रं उलगडतात? वर्गात ते नेमकं काय करून घ्यायचे? शाईचा घोडा मुलांकडून करून घ्यायचा असेल तर क्रम काय ठेवावा आणि मुलं कुठे अडतात? शांतिनिकेतनातल्या मुक्कामाच्या तारखाही वेगवेगळ्या दिसतात, त्या कोणी नीट सांगितल्या तर फार मदत होईल.

---

बखरकार

जन्म १९ जुलै १८९५, जिआंगसू प्रांतातलं यीशिंग. वडील श्यू दाझांग गुरूशिवाय शिकलेले चित्रकार. व्यक्तिचित्रं काढून, अक्षरं लिहून, शिक्के कोरून घर चालवायचे. मुलगा लहान वयातच त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडत चित्रं विकत होता. हे नक्की सांगा. चित्र समोरच्या माणसासारखं दिसलंच पाहिजे हा त्यांचा आग्रह पॅरिसमध्ये सुरू झाला नाही. व्यक्तिचित्र हुबेहूब आलं नाही तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, अशा घरात तो रुजलेला होता.

वडील गेल्यावर ते शांघायला आले. तिथे सुधारणावादी विचारवंत कांग योवेइ यांच्याशी गाठ पडली. कांग यांचं ठाम मत होतं की चिनी चित्रकलेची अलीकडच्या शतकांत अधोगती झाली आहे, सोंग काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) बारकाईच्या निरीक्षणाकडे परत जायला हवं आणि पश्चिमेकडूनही घ्यायला हवं. विशीतल्या श्यूंच्या डोक्यात हा विचार पक्का बसलेला दिसतो. १९१८ साली पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख त्साय युआनपेइ यांनी त्यांना तिथल्या चित्रकला मंडळात शिकवायला बोलावलं. तिथल्या व्याख्यानात त्यांनी जे सूत्र मांडलं तेच पुढची पस्तीस वर्षं चालवलं: जुन्यातलं चांगलं ते राखावं, लोपत चाललेलं पुढे न्यावं, वाईट ते बदलावं, अपुरं ते वाढवावं आणि पाश्चात्त्य चित्रकलेतलं घेण्याजोगं त्यात मुरवावं. मुलांना एकच उतारा द्यायचा असेल तर हा द्या.

१९१९ ते १९२७ युरोप. पॅरिसच्या एकोल दे बोझार् या कलाशाळेत चित्रकार फ्रांस्वा फ्लामेंग यांच्याकडे शिक्षण आणि दान्याँ-बूव्हरे यांचं मार्गदर्शन. सरकारी शिष्यवृत्ती मध्येच थांबायची. १९२१ साली ते बर्लिनला गेले, तेव्हा जर्मन मार्क घसरलेला होता आणि तिथलं राहणं परवडत होतं. तिथे आर्तुर कांप्फ यांच्याकडे शिकले आणि प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंहांची असंख्य रेखाचित्रं केली. पुढच्या प्राणिचित्रांचा पाया तिथला आहे.

परतल्यावर नानजिंगच्या राष्ट्रीय केंद्रीय विद्यापीठात अध्यापन आणि मोठी चित्रं. 'त्यान हेंग आणि त्याचे पाचशे वीर' (१९२८-३०, तैलरंग, १९७ × ३४९ सेंमी) आणि 'ज्यू फांगगाओ' (१९३१, शाई) ही जोडी शेजारी शेजारी ठेवून दाखवा. एकच माणूस कॅनव्हासवर आणि कागदावर एकच प्रश्न सोडवतोय हे लगेच दिसतं: अनेक उभ्या माणसांचा गट, प्रत्येकाचा तोल वेगळा आणि तरी सगळ्यांची नजर एका घटनेकडे.

१९३३-३४ मध्ये आधुनिक चिनी चित्रांचं प्रदर्शन घेऊन ते पॅरिस, बर्लिन, मिलान, मॉस्को असे फिरले. युद्धकाळात सिंगापूर, भारत, मलाया, मग चोंगचिंग. १९४६ मध्ये बेइपिंगच्या (बीजिंगचं तेव्हाचं नाव) राष्ट्रीय कला महाविद्यालयाचे प्रमुख. एप्रिल १९५० मध्ये ते महाविद्यालय आणि उत्तर चीन विद्यापीठाचा कला विभाग एकत्र करून केंद्रीय ललित कला अकादमी झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. १९५१ मध्ये शानडोंगमधल्या नदीच्या कामावर जाऊन मजुरांची रेखाचित्रं केली, त्याच वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. २६ सप्टेंबर १९५३ रोजी निधन, वय ५८. पत्नी ल्याओ जिंगवेन यांनी त्यांची हजाराहून अधिक चित्रं आणि सगळा संग्रह सरकारला दिला. त्यातून बीजिंगचं स्मारक-संग्रहालय उभं राहिलं.

दोन चुका टाळा. त्यांनी जपानमध्ये शिक्षण घेतलं असं लिहिलेलं आढळतं. १९१७ चा टोकियो मुक्काम काही महिन्यांचा होता, तिथे त्यांनी कुठलाही अभ्यासक्रम केला नाही. आणि चोंगचिंगला १९४२ च्या सुमारास त्यांनी उभी केलेली 'चीन ललित कला अकादमी' वेगळी, हांगझोउची आजची त्याच नावाची संस्था वेगळी. हांगझोउची संस्था १९२८ ची, तिचे पहिले प्रमुख लिन फेंगम्येन. नाव सारखं असल्यामुळे भलेभले तिचं श्रेय श्यूंना देतात.

---

कोळसा_आणि_पाव

वर्गात काय करून घ्यायचे, याचं उत्तर एका शब्दात: ड्रॉइंग. आकार घडवणाऱ्या सगळ्या कलांचा पाया ड्रॉइंग आहे, हे त्यांनी आयुष्यभर लावून धरलं. बेइपिंगला तर चिनी शैलीत काम करू पाहणाऱ्या मुलांनाही दोन वर्षं ड्रॉइंग सक्तीचं केलं. मात्र "ड्रॉइंग" म्हणजे काय हे न सांगता पुढे गेलात तर मुलांना तो नुसता छायांकनाचा तास वाटेल.

त्यांच्या शिकवण्यातले तीन आग्रह असे: गोलाईपेक्षा चौकोनीपणा बरा, चलाखीपेक्षा ओबडधोबडपणा बरा, स्वच्छतेपेक्षा मळकटपणा बरा. ही सुभाषितं म्हणून फळ्यावर लिहू नका, यांतलं प्रत्येक वाक्य हाताला काय करायचं ते सांगतं.

चौकोनीपणा म्हणजे प्लास्टरच्या डोक्याची बाह्यरेषा वक्र न ओढता सरळ तुकड्यांत ओढायची. कपाळ ते भुवई एक तुकडा, भुवई ते गालाचं हाड दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. वक्ररेषेत चूक लपते. सरळ तुकड्याचा कोन मात्र पेन्सिल समोर धरून तपासता येतो. आतही तसंच: समोरचा पृष्ठभाग आणि बाजूचा पृष्ठभाग जिथे भेटतात ती वळणाची कड आधी शोधायची आणि सगळ्यात गडद छटा तिच्या लगत ठेवायची. बाह्यरेषेजवळ सगळ्यात गडद छटा दिली की डोकं कागदातून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. नवख्या मुलांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

ओबडधोबडपणा म्हणजे हाताला सवयीने येणारी सुबक रेघ थांबवायची. मळकटपणा म्हणजे चुकीची रेघ लगेच खोडायची नाही. ती ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची, म्हणजे फरक डोळ्याला दिसतो. कोळसा बोटाने घासून गुळगुळीत करणं तर पूर्ण बंद. घासलं की कडक कड आणि मऊ कड सारख्याच होतात आणि हाड कुठलं, मांस कुठलं हे कळेनासं होतं.

१९३२ साली त्यांनी चित्र तपासायच्या सात कसोट्या लिहिल्या. वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत: आकृतीची जागा योग्य, प्रमाण अचूक, काळं-पांढरं स्पष्ट वेगळं, हालचाल नैसर्गिक, हलक्या-जड भागांचा मेळ, स्वभाव पूर्ण उतरलेला आणि सर्वांत शेवटी प्राण. हा क्रमच खरी शिकवण आहे. मुलं सातवीपासून सुरू करतात, डोळ्यात भाव आणायला बसतात आणि डोकंच मानेवर बसलेलं नसतं. तुमच्या सत्रात पहिल्या तीनच कसोट्या घ्या. ४५ मिनिटांचं एक डोकं, कोळसा, साधा खरखरीत कागद, खोडायला पावाचा मऊ भाग. पहिली १५ मिनिटं फक्त सरळ तुकडे. पुढची २० फक्त दोन छटा, उजेड आणि सावली. मधल्या छटा शेवटच्या दहा मिनिटांत.

एक खुलासा. चीनमधल्या पुढच्या काळातलं महिनोन्‌महिने चालणारं, अति-घोटलेलं ड्रॉइंग सर्रास श्यूंच्या नावावर खपवतात. ती सोव्हिएत पद्धत १९५० च्या दशकात तिथे पसरली. सोव्हिएत चित्रकार माक्सिमोव्ह यांचा गाजलेला तैलरंग वर्ग अकादमीत १९५५ ते १९५७ चालला, म्हणजे श्यूंच्या निधनानंतर. श्यूंचं स्वतःचं ड्रॉइंग पॅरिसच्या घराण्याचं. त्यात मोठा आकार पटकन पकडलेला असतो, बाह्यरेषा जिवंत असते आणि उजेडाचा भाग बऱ्याचदा कोरा सोडलेला असतो.

---

शाईपाणी

आता घोडा. वरची पोस्ट वाचल्याशिवाय हे करू नका. श्यूंचा घोडा शाईत काढलेला असला तरी त्याच्या खाली कोळशाचं ड्रॉइंग आहे. त्यांनी घोड्याची हजारावर रेखाचित्रं केली, सांगाडा आणि स्नायूंचा अभ्यास केला, आणि म्हणूनच चार-दोन फटकाऱ्यांत छाती उभी राहते.

सामान. कच्चा शुआन (चिनी हातकागद), म्हणजे तुरटी-सरस न दिलेला, शाई शोषणारा. तुरटी दिलेला पक्का कागद बारीक कलमकारीसाठी असतो. त्यावर शाई पसरत नाही, त्यामुळे हा घोडा त्यावर होणार नाही. पूर्ण ताव ६९ × १३८ सेंमीचा येतो, सरावाला त्याचा अर्धा, ६९ × ६९, पुरे. खाली जाड लोकरी कापड अंथरा, टेबलाच्या लाकडावर थेट कागद ठेवला तर शाई खालून पसरते आणि डाग पडतात. दोन कुंचले हवेत: बकरीच्या केसांचा मऊ मोठा कुंचला अंग आणि मानेसाठी, वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या ताठ केसांचा मध्यम कुंचला डोकं, पाय आणि खुरांसाठी. पांढऱ्या बशा तीन: गडद शाई, मध्यम, फिकी.

कुंचला भरणं. अर्धं चित्र इथेच ठरतं. कुंचला पाण्यात भिजवा आणि बशीच्या काठावर निथळा. पोटात फिकी शाई घ्या, मग फक्त टोक गडद शाईत टेकवा. आता कुंचला आडवा पाडून ओढला की एकाच फटकाऱ्यात एक कड गडद आणि दुसरी फिकी येते. मानेचा गोलवा येतो तो यातून, वर छटा चढवून नाही. भरलेला कुंचला आधी टाकाऊ तुकड्यावर टेकवून बघा. ठिपका दुपटीने पसरला तर पाणी जास्त आहे.

क्रम. डोक्यापासून. आधी डोळा, नाकपुडी, तोंड, मग जबड्याची मोठी चकती आणि कान. त्यानंतर मान एक किंवा दोन रुंद फटकाऱ्यांत, छाती, पुढचे पाय, पाठ आणि पोट, पुठ्ठा (घोड्याचा मागचा गोल भाग), मागचे पाय. आयाळ आणि शेपूट सर्वांत शेवटी. गाल, छातीचा पुढचा उंचवटा आणि पोटाचा काही भाग कोरा सोडा. श्यूंच्या घोड्यात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. समोरून धावत येणाऱ्या घोड्याची छाती मोठी, पुठ्ठा एकदम लहान आणि उंचावर. पारंपरिक चिनी घोड्यांत क्वचित दिसणारं हे फोरशॉर्टनिंग (जवळचं मोठं, लांबचं आखूड दाखवणं) त्यांनी युरोपातून आणलं. मुलांना ते जमत नाही, कारण पुठ्ठा लहान काढायला मन धजत नाही. घोड्याचा फोटो उलटा धरून फक्त आकार मोजायला लावा, मग धजतं.

प्रमाण. बाजूने उभ्या घोड्याची छातीच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण अडीच डोकी, आणि मानेच्या बुडाशी असलेल्या पाठीच्या उंचवट्यापर्यंतची उंचीही साधारण तेवढीच. म्हणजे पाय-धडाचा चौरस. मुलांचे घोडे बहुतेक वेळा लांबट होतात, तेव्हा हा चौरस आधी नखाने कागदावर हलका उमटवून घ्या.

पाय. नव्वद टक्के घोडे इथे मरतात. मागच्या पायाच्या मधला सांधा गुडघा नसून टाच आहे, तो मागेच टोक काढतो. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला. पुढच्या पायाचा मधला सांधा मनगट. त्याखाली स्नायू नाहीत, फक्त हाड आणि कंडरा (स्नायूंचे दोर). म्हणून तिथली रेघ कोरडी, ताठ आणि जवळजवळ समांतर कडांची हवी. मऊ कुंचल्याने पाय काढला की तो फुगतो आणि घोडा चिखलात उभा असल्यासारखा दिसतो.

आयाळ. कुंचल्यातली शाई कापडावर टिपून अर्धवट कोरडी करा, केस बोटांनी थोडे पसरवा आणि मानेच्या कण्यापासून वाऱ्याच्या दिशेने खांद्यातून हात चालवा. मधेमधे कागदाचा पांढरा दिसला पाहिजे. मनगटातून ओढलं तर प्रत्येक केस सारखा वळतो आणि आयाळ कंगव्यासारखी होते. शाई जास्त असेल तर पांढरे पट्टे बुजतात आणि काळा गोळा उरतो.

बाकीच्या अडचणी: अर्धवट वाळलेल्या फटकाऱ्यावर दुसरा मारला तर मधे पाण्याची कड उमटते. दुरुस्त करायचं असेल तर पहिला ओला असतानाच, नाहीतर पूर्ण वाळल्यावर. तिसऱ्यांदा तिथेच घासलं की कागदाचे तंतू सुटतात. ओली शाई दिसते तितकी गडद वाळल्यावर राहत नाही, म्हणून मनाला पटेल त्यापेक्षा थोडी गडद ठेवा. चित्र मागून कागद चिकटवून ताणायचं असेल तर काही दिवस थांबा. ताजी शाई, त्यातही बाटलीतली स्वस्त शाई, खळीच्या ओलाव्याने पसरते.

दोन तासांत आख्खा घोडा नको. डोकं आणि मान एवढंच घ्या. प्रत्येकाकडून सहा-सात वेळा.

---

रेघोटी

बखरकार, कोळसा, शाईपाणी, मनापासून आभार. उलटा फोटो ही युक्ती नक्की वापरणार. एक शंका: दोन वर्षं युरोपीय ड्रॉइंग केलेला हात पुढे शाईच्या कुंचल्याला उपयोगाचा राहतो का? रेघ मोजकी आणि घाबरट होत नाही का? आणि 'ज्यू फांगगाओ'मधल्या घोड्याला लगाम आहे, बाकी घोडे तर मोकळे असतात. हे असं का?

---

उलटतपासणी

तुमची शंका चीनमध्ये त्यांच्या तोंडावर विचारली गेली होती. १९४७ च्या शरद ऋतूत बेइपिंगच्या महाविद्यालयात चिनी चित्रकलेच्या तीन प्राध्यापकांनी शिकवणं थांबवलं. मुख्य तक्रार हीच: ड्रॉइंगने तास खाल्ले आणि कुंचल्याची तालीम उपाशी राहिली. श्यू मागे हटले नाहीत. जुन्या चित्रांच्या नकला करत राहिलेला विद्यार्थी समोरचं झाड, समोरचा माणूस बघतच नाही, हे त्यांचं उत्तर होतं.

हांगझोउचे चित्रकार-शिक्षक पान त्यानशोउ यांनी पुढे याच्या अगदी उलट भूमिका घेतली. पूर्व आणि पश्चिम या दोन परंपरांनी एकमेकींपासून अंतर राखावं आणि चिनी चित्रकलेचा पाया कुंचल्याच्या रेघेत, अक्षरलेखनात शोधावा. त्यांच्या पुढाकाराने तिथे माणसं, निसर्ग आणि फुलं-पक्षी यांच्या स्वतंत्र शाखा झाल्या, प्रत्येकीची तालीम वेगळी. माझं मत विचाराल तर माणूस आणि प्राणी काढायचे असतील तर श्यू बरोबर आहेत, बांबू आणि खडक काढायचे असतील तर पान त्यानशोउ. छायाप्रकाश शिकलेला हात बांबूच्या पानाला सावली द्यायला जातो आणि पान मरतं. उलट, फक्त नकला केलेल्या हाताला माणसाचा खांदा बसवता येत नाही.

श्यूंची मर्यादाही मुलांपासून लपवू नका. १९२९ च्या पहिल्या राष्ट्रीय कला प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी माने, रेनुआर, सेझान, मातिस या फ्रान्सच्या आधुनिक चित्रकारांना एका दमात मोडीत काढलं. कवी श्यू झीमो यांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं: सेझानसारख्या माणसाने प्रामाणिकपणे आयुष्य वेचलं, त्याला फसवा ठरवण्याआधी समजून घ्या. या वादात कवीची बाजू वरचढ होती असं मला वाटतं. श्यू अकादमींचे प्रमुख झाल्यावर त्यांची ही नावड अभ्यासक्रमात उतरली, म्हणून ती केवळ एका माणसाच्या आवडीनिवडीची गोष्ट राहिली नाही.

तरीही त्यांना कोत्या मनाचे म्हणता येत नाही. १९२८-२९ मध्ये ते बेइपिंगच्या कला महाविद्यालयाचे थोडेच महिने प्रमुख होते. तेवढ्यात त्यांनी ची बाईशी यांना प्राध्यापक म्हणून आणलं. ची तेव्हा पासष्टीच्या घरात होते, मूळचे सुतार, हातात पदवी नाही आणि चित्रांत छायाप्रकाशाचा मागमूस नाही. १९३३ मध्ये चित्रकार फू बाओशी जपानला शिकायला जाऊ शकले ते श्यूंच्या खटपटीमुळे. या दोघांपैकी कोणीही श्यूंसारखं चित्र काढत नव्हतं.

लगामाबद्दल: ज्यू फांगगाओ हा घोडा पारखणारा. सांगताना त्याने घोड्याचा रंग चुकवला, नर की मादी तेही चुकवलं, पण घोडा अस्सल निवडला. त्या चित्रातला घोडा आपल्याला ओळखणाऱ्यासमोर उभा आहे, म्हणून तो लगाम मानतो. योग्य माणसाची सेवा करायला तो राजी आहे, असं स्पष्टीकरण श्यूंनीच दिल्याचं सांगतात. बाकी घोड्यांना असा धनी भेटलेला नाही.

---

आम्रकुंज

शांतिनिकेतनाच्या तारखा. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून श्यू १९३९ च्या अखेरीस सिंगापूरहून भारतात आले आणि १९४० च्या अखेरीस परत गेले. म्हणजे सुमारे एक वर्ष. काही ठिकाणी "तीन वर्षं" छापलंय, ते आग्नेय आशियातला मुक्काम त्यात मिसळल्यामुळे. विश्वभारतीत चीन भवन (चिनी अभ्यासाचं केंद्र) १९३७ पासून होतं, तान युनशान ते चालवत. शांतिनिकेतन आणि कलकत्ता इथे श्यूंची प्रदर्शनं झाली. या काळातल्या त्यांच्या प्रदर्शनांचं उत्पन्न ते चीनमधल्या युद्धग्रस्तांसाठी पाठवत होते. गांधीजी फेब्रुवारी १९४० मध्ये शांतिनिकेतनला आले, तेव्हा श्यूंनी त्यांचं रेखाचित्र केलं. रवींद्रनाथांची व्यक्तिचित्रंही याच वर्षातली. तुम्ही जुन्या इंग्रजी-बंगाली कागदांत शोधणार असाल तर 'जू पेओँ' हे नाव शोधा. फ्रान्सपासून ते अशीच सही करत.

पण या वर्षाचं मोठं काम 'पर्वत हलवणारा वेडा म्हातारा' आहे. दार्जिलिंग आणि शांतिनिकेतन इथे त्यांनी ते सिद्ध केलं. शाई आणि रंगातलं कागदावरचं चित्र १४४ × ४२१ सेंमी, शिवाय एक लहान तैलचित्र. गोष्ट जुनी चिनी: नव्वदीचा म्हातारा दारासमोरचे दोन डोंगर खणायला घेतो. मी नाही तर माझी मुलं, नाही तर नातवंडं, डोंगर काही वाढणार नाही. १९४० मध्ये, जपानी आक्रमण चालू असताना, चिनी माणसाला यातलं काय ऐकू आलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मुलांना त्यातले खणणारे पुरुष दाखवा. ते उघडे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांसाठी मॉडेल म्हणून भारतीय माणसं बसली होती. चिनी गोष्टीत भारतीय देह कशाला, अशी टीका होते. चित्रकार म्हणून बघा: कुदळ डोक्यावर उचलली की बरगड्या वर जातात, पोट आत ओढलं जातं, पोटऱ्या ताणतात. झगा घातला तर यातलं काहीच दिसत नाही, आणि हे चित्र त्या ताणावर उभं आहे. त्याच कागदावर डावीकडे म्हातारा पाठमोरा, अंगभर कपड्यांत, फक्त रेघेने काढलेला. देहांना छाया आहे पण बेताची, कडेची रेघ शाईचीच. वर 'कोळसा' आणि 'उलटतपासणी' ज्या प्रश्नावर बोलले, त्याचं श्यूंनी दिलेलं उत्तर बघायला याहून चांगली जागा नाही.

---

बखरकार

रेघोटी, रेघेच्या शंकेवर एक भर. १९३७ मध्ये हाँगकाँगला श्यूंनी 'सत्त्याऐंशी दैवी व्यक्ती' हे जुनं चित्रवस्त्र एका जर्मन बाईंकडून विकत घेतलं. किंमत दहा हजार युआन आणि स्वतःची सात चित्रं. सुमारे २९२ सेंमी लांबीचं, रंग नाही, छाया नाही, फक्त रेघ. तरी ८७ आकृत्यांचे खांदे, कोपर, गुडघे कपड्याखाली जाणवतात. त्यावर त्यांनी 'बेइहोंगचं जीवन' असा शिक्का उमटवला. १९४२ मध्ये कुनमिंगला हवाई हल्ल्याच्या गडबडीत ते चोरीला गेलं. दोन वर्षांनी चेंगदूमध्ये सापडलं, तेव्हा दोन लाख युआन आणि आणखी चित्रं देऊन त्यांनी परत घेतलं. ड्रॉइंगचा सगळ्यात कडवा पुरस्कर्ता असा रेघेसाठी जीव टाकत होता. वर्गात प्लास्टरच्या डोक्यानंतर याचाच एक तुकडा मोठा करून दाखवा आणि एका बाहीच्या घड्या कोपराजवळ कशा जमतात ते मुलांना नुसत्या रेघेत काढू द्या.

आणि चित्रं निवडताना काळजी घ्या. श्यूंच्या घोड्यांच्या नकली प्रती अमाप आहेत, इंटरनेटवर तर त्याच जास्त. तैलचित्रंही सुटलेली नाहीत. २०१० मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचं विवस्त्र चित्र म्हणून एक कॅनव्हास बीजिंगमध्ये ७ कोटी २८ लाख युआनला विकला गेला. पुढच्या वर्षी केंद्रीय अकादमीच्या माजी विद्यार्थ्यांनी जाहीर पत्र काढून सांगितलं की ते १९८३ मधलं त्यांच्या वर्गातलं मॉडेल-अभ्यासाचं काम आहे, आणि त्याच मॉडेलची, त्याच बैठकीची सहाध्यायांची चित्रं पुढे ठेवली. म्हणून प्रतिमा शक्यतो बीजिंगच्या स्मारक-संग्रहालयाच्या प्रकाशनांतूनच घ्या.

नकली घोडा ओळखायला शाईपाणींनी सांगितलेल्या जागाच बघा: मागच्या पायाची टाच, जबड्याची चकती, आयाळीतले पांढरे पट्टे. नकलाकार आयाळ झोकात मारतो, टाचेपाशी सापडतो.

---

शाईपाणी

टाचेबद्दल अगदी बरोबर. जोडीला छातीही बघा. श्यूंच्या समोरून येणाऱ्या घोड्यात छातीचे दोन स्नायू मधल्या कोऱ्या पट्टीने वेगळे झालेले असतात आणि पुढचे पाय त्या स्नायूंखालून निघतात. नकलेत पाय पोटाला चिकटवलेले दिसतात. अस्सल आणि नकली शेजारी लावून मुलांना पाच मिनिटं नुसतं बघू द्या, मगच कुंचला हातात द्या.